कंपनीची रेघ दोन लाखांवर, तुमची कुठे? फॉर्म ८९५९ चा हिशेब

फेब्रुवारीत डब्ल्यू-२, म्हणजे अमेरिकेतल्या कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला, हातात आला की नजर आधी बॉक्स १ वर जाते, मग बॉक्स २ वर. पगार किती आणि टॅक्स किती कापला, एवढं पाहून कागद फाइलला लागतो. आजचा विषय त्याच कागदाच्या बॉक्स ५ (मेडिकेअरसाठी धरलेला पगार) आणि बॉक्स ६ (कापलेला मेडिकेअर टॅक्स) मध्ये आहे, आणि तिथे सहसा कुणी बघत नाही.

अमेरिकेत पगारातून मेडिकेअरपोटी १.४५ टक्के कापले जातात आणि तेवढेच कंपनी पदरचे भरते. मुख्यतः पासष्टी ओलांडलेल्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचा हा पैसा. २०१० च्या ज्या कायद्याला सगळे ओबामाकेअर म्हणतात, त्याने जास्त कमावणाऱ्यांवर आणखी ०.९ टक्क्यांचा थर चढवला. १ जानेवारी २०१३ पासून तो लागू आहे. नाव ॲडिशनल मेडिकेअर टॅक्स. यात कंपनीचा वाटा नाही, सगळा भार कमावणाऱ्यावर.

मर्यादा अशा: नवरा-बायको मिळून एक रिटर्न भरत असतील तर २,५०,००० डॉलर. विवाहित असून वेगवेगळे भरत असतील तर प्रत्येकी १,२५,०००. बाकी सगळ्यांना २,००,०००. (स्वल्पविराम आपल्या पद्धतीने देतो आहे, कारण तोंडाने आपण ‘अडीच लाख’च म्हणतो. फॉर्मवर अर्थातच तीन-तीन आकड्यांनी तोडलेलं दिसेल.) मर्यादेच्या वर जेवढी रक्कम जाते तेवढ्यावरच ०.९ टक्के, सगळ्या पगारावर नाही.

या मर्यादा महागाईशी जोडलेल्या नाहीत, आणि माझ्या मते या टॅक्सची खरी खोच इथेच आहे. सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शनसाठीची कपात) ज्या पगारापर्यंत कापतात ती मर्यादा २०१३ मध्ये १,१३,७०० होती, २०२५ मध्ये १,७६,१०० झाली. अडीच लाख मात्र २०१३ मध्येही अडीच लाख आणि आजही अडीच लाखच. तेव्हा हा बड्या अधिकाऱ्यांचा टॅक्स वाटत होता. आता न्यू जर्सीत किंवा बे एरियात दोघं नोकरी करणारं साधं आयटीतलं जोडपंही सहज यात येतं, आणि बऱ्याचदा त्यांना पत्ताच नसतो.

पत्ता नसण्याचं कारण असं. कंपनीला तुमचं लग्न, जोडीदाराचा पगार, रिटर्नचा प्रकार यांच्याशी देणंघेणं नाही. तिला नियम एकच: एका कॅलेंडर वर्षात या माणसाला आपण दिलेला पगार २,००,००० च्या वर गेला की वरच्या रकमेवर ०.९ टक्के कापायला सुरुवात करायची. ‘आम्ही जॉइंट भरतो, आमची मर्यादा अडीच लाख आहे, कापू नका’ असं पेरोलला कितीही सांगितलं तरी त्यांना ऐकता येत नाही. उलट ‘माझे थोडे आधीपासून कापा’ म्हटलं तरी या नावाखाली कापता येत नाहीत. म्हणजे कापण्याची रेघ एक आणि देणं लागण्याची रेघ दुसरी. या दोन रेघांमधला फरक मिटवण्याचा कागद म्हणजे फॉर्म ८९५९.

हा फरक कुठेकुठे पडतो ते बघा.

दोघांचे पगार प्रत्येकी १,६०,०००. एकाही कंपनीने छदाम कापलेला नाही, कारण दोन लाखांच्या जवळपासही कुणी नाही. जॉइंट रिटर्नवर मात्र एकूण ३,२०,०००, मर्यादेच्या वर ७०,०००, देणं ६३० डॉलर. हे १५ एप्रिलच्या आत स्वतःहून भरायचं.

आता उलट. एकाचा पगार २,३०,०००, जोडीदार एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर आणि कामाची परवानगी नाही. कंपनीने वरच्या ३०,००० वर २७० डॉलर कापले. जॉइंट मर्यादा अडीच लाख, त्यामुळे देणं शून्य. हे २७० परत मिळतात, पण फॉर्म ८९५९ लावला तरच. एकखांबी तंबूवाल्या घरांत हे पैसे वर्षानुवर्षं तसेच सोडलेले असतात.

तिसरी तऱ्हा नोकरी बदलणाऱ्यांची. अविवाहित माणूस, जूनपर्यंत एका कंपनीत १,५०,००० मिळाले, पुढे दुसरीकडे १,४०,०००. दोन्ही कंपन्यांच्या दृष्टीने तो दोन लाखांच्या आत. एकूण २,९०,०००, देणं ८१० डॉलर. याच माणसाच्या पदरात दुसरीकडून घसघशीत पैसे पडतात ही गंमत. दोन्ही कंपन्यांनी सोशल सिक्युरिटी पहिल्या डॉलरपासून कापली, मिळून १७,९८० डॉलर. २०२५ ची एका माणसाची कमाल मात्र १०,९१८.२०. वरचे ७,०६१.८० रिटर्नची पुरवणी असलेल्या शेड्यूल ३ च्या लाइन ११ वर जमा दाखवून परत घेता येतात. त्यासाठी दोन्ही डब्ल्यू-२ सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळे भरावे लागतात. बेरीज करून एकच डब्ल्यू-२ टाकला तर जास्तीची सोशल सिक्युरिटी लपते आणि मेडिकेअरची जुळवणीही बिघडते.

चौथी तऱ्हा आपल्याकडे बरीच दिसते: नवरा किंवा बायको अजून पुण्यात नाहीतर नागपुरात, आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा टॅक्स नंबर) काढलेला नाही, म्हणून इकडचा माणूस ‘विवाहित, वेगळं रिटर्न’ भरतो. मर्यादा एकदम १,२५,००० वर येते. पगार १,८०,००० असेल तर ५५,००० वर ४९५ डॉलर लागतात आणि कंपनीने काहीच कापलेलं नसतं. ‘मी तर दोन लाखांच्या आत आहे’ म्हणून गाफील राहणारे बहुतेक याच गटातले. आयटीआयएनसाठीचा डब्ल्यू-७ अर्ज रिटर्नसोबत जोडून जोडीदाराला रेसिडेंट (करापुरता अमेरिकेचा रहिवासी) धरून जॉइंट भरण्याची निवड करता येते. भारतातल्या कंपनीने भारतात दिलेला जोडीदाराचा पगार या ०.९ टक्क्यांत धरला जात नाही. पण त्या निवडीमुळे जोडीदाराचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकन रिटर्नवर आणावं लागतं, म्हणून फक्त या टॅक्ससाठी ती उडी मारू नये. सगळा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडून बघावा.

आणि लग्नाची तारीख. ३१ डिसेंबरला विवाहित असाल तर संपूर्ण वर्ष विवाहित. दोघांचे पगार प्रत्येकी १,९५,००० असले तर अविवाहित म्हणून दोघांचंही देणं शून्य. पौष लागायच्या आत मार्गशीर्षात उरकलं की त्याच वर्षाचं देणं १,२६० डॉलर. मुहूर्त कुणी याच्यावरून ठरवू नये, पण डिसेंबरात बार उडाला असेल तर एप्रिलमध्ये दचकायचं कारण नाही.

फॉर्म हातात घेऊन

एक पानाचाच फॉर्म आहे. उदाहरणाला एक जोडपं घेऊ, जॉइंट रिटर्न. एकाच्या डब्ल्यू-२ वर बॉक्स ५ मध्ये २,६४,३०० आणि बॉक्स ६ मध्ये ४,४११.०५. दुसऱ्याच्या बॉक्स ५ मध्ये १,१८,४५० आणि बॉक्स ६ मध्ये १,७१७.५३.

फॉर्मला हात लावण्याआधी बॉक्स ६ पडताळून घ्या. बॉक्स ५ गुणिले १.४५ टक्के, अधिक बॉक्स ५ मधून २,००,००० वजा करून उरलेल्याचे ०.९ टक्के. पहिल्याचे ३,८३२.३५ अधिक ५७८.७०, म्हणजे ४,४११.०५. जुळलं. दुसऱ्याचे नुसते १.४५ टक्के, १,७१७.५३. जुळलं. दोनचार सेंटांचा फरक पेरोलच्या राउंडिंगमुळे पडतो, तो सोडून द्या. शेकड्यांत फरक असेल तर कंपनीकडे विचारणा करून दुरुस्त डब्ल्यू-२सी मागवा, आपल्या मनाने आकडे बदलू नका.

भाग १. लाइन १ वर दोघांच्या बॉक्स ५ ची बेरीज: ३,८२,७५०. लाइन २ ग्राहकांकडून मिळालेल्या पण कंपनीला न कळवलेल्या टिपांसाठी (बक्षिशीसाठी), लाइन ३ कंपनीने चुकीने कंत्राटदार ठरवलेल्यांसाठी. बहुतेकांच्या दोन्ही कोऱ्या. लाइन ४ वर बेरीज तीच. लाइन ५ वर मर्यादा २,५०,०००. लाइन ६ वर फरक १,३२,७५०. लाइन ७ वर त्याचे ०.९ टक्के, १,१९४.७५, पूर्ण डॉलरमध्ये १,१९५.

भाग २ स्वतंत्र व्यवसायवाल्यांचा, त्याकडे पुढे येतो. भाग ३ रेल्वे कर्मचाऱ्यांचा. त्यांची निवृत्तीव्यवस्था वेगळी आहे आणि त्यांची मर्यादाही वेगळी मोजतात. भाग ४ मध्ये लाइन १८ वर सगळ्याची बेरीज. हाच आकडा शेड्यूल २ च्या लाइन ११ वर जातो आणि तिथून १०४० या मुख्य रिटर्नच्या एकूण टॅक्समध्ये मिसळतो.

भाग ५ म्हणजे कापलेल्या पैशांची जुळवणी, आणि हाताने भरणाऱ्यांचा घोळ इथेच होतो. लाइन १९ वर दोन्ही बॉक्स ६ ची बेरीज, ६,१२९. लाइन २० वर लाइन १ चा आकडा पुन्हा. लाइन २१ वर त्याचे १.४५ टक्के, ५,५५०. लाइन २२ वर वजाबाकी, ५७९. म्हणजे कापलेल्या मेडिकेअरपैकी नेहमीचा भाग बाजूला काढून ०.९ टक्क्यांपोटी आधीच किती गेले ते कळलं. लाइन २३ पुन्हा रेल्वेवाल्यांची, त्यामुळे लाइन २४ वर हेच ५७९ येतात, आणि लाइन २४ चा आकडा १०४० च्या लाइन २५सी वर आधीच भरलेला टॅक्स म्हणून जमा होतो. देणं १,१९५, जमा ५७९, खिशातून ६१६.

लाइन १९ ते २४ सोडून दिल्या तर जमा शून्य राहते आणि तेच ५७९ डॉलर दुसऱ्यांदा भरले जातात. बॉक्स ६ मधला जादा पैसा बॉक्स २ मध्ये नसतो, त्यामुळे तो आपोआप कुठेही जमा होत नाही. दुसरी चूक याच्या उलटी: ‘कंपनीने कापलेत ना, मग फॉर्म कशाला?’ एखाद्या एकाच डब्ल्यू-२ चा बॉक्स ५ जरी २,००,००० च्या वर असेल तरी फॉर्म लावायचाच, देणं शून्य असलं तरी.

बॉक्स १ वर विसंबू नका

समजा अविवाहित माणूस, पगार २,१५,०००. त्याने ४०१-के या कंपनीच्या निवृत्ती योजनेत २०२५ ची कमाल मर्यादा २३,५०० टाकली. बॉक्स १ झाला १,९१,५००. तो पाहून वाटतं की आपण दोन लाखांच्या खाली आलो. बॉक्स ५ मात्र २,१५,००० च राहतो, कारण ४०१-के इन्कम टॅक्स वाचवतं, मेडिकेअर नाही. देणं १३५ डॉलर, आणि कंपनीने ते कापलेलेही असतील.

बॉक्स ५ खरोखर कमी करणाऱ्या गोष्टी मोजक्याच: कंपनीच्या योजनेतून टॅक्सआधी कापलेला आरोग्यविम्याचा हप्ता, पेरोलमधून गेलेले एचएसएचे पैसे, एफएसए (दोन्ही औषधोपचारासारख्या खर्चांसाठीची करसवलतीची खाती). तेच एचएसएचे पैसे घरून बँकेतून भरले तर इन्कम टॅक्स वाचतो पण बॉक्स ५ हलत नाही. पेरोलमधून टाका असं मी सांगतो ते यासाठीच.

वाढवणाऱ्या गोष्टींत पहिला नंबर आरएसयूचा, म्हणजे कंपनी पगाराचा भाग म्हणून देते त्या शेअरचा. शेअर ज्या दिवशी वेस्ट होतात (तुमच्या मालकीचे होतात) त्या दिवशीचा त्यांचा बाजारभाव तसाच्या तसा बॉक्स ५ मध्ये येतो, विकले असोत वा नसोत. नोव्हेंबरमधल्या एका वेस्टिंगने वर्षभर दोन लाखांच्या आत असलेला माणूस बाहेर जातो. बोनसचंही तसंच. शेअर पुढे ठेवून नफ्यात विकले तर तो नफा या टॅक्सचा विषय नाही.

तो नफा दुसऱ्या टॅक्सचा विषय आहे, आणि लोक या दोघांची सरमिसळ करतात. ३.८ टक्क्यांचा नेट इन्व्हेस्टमेंट इन्कम टॅक्स त्याच कायद्यातून, त्याच वर्षी आला. बहुतेकांसाठी मर्यादाही त्याच आहेत, पण फॉर्म ८९६० आणि पाया वेगळा. व्याज, लाभांश, भांडवली नफा, भाडं हे तिकडे. पगार आणि धंद्याची कमाई इकडे. कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं आणि बँकेतल्या एफडीचं व्याज ८९६० कडे जातं. एकाच डॉलरवर दोन्ही टॅक्स लागत नाहीत, एकाच माणसाला मात्र दोन्ही लागू शकतात.

१०९९ वरचं काम

पगाराच्या जोडीला कुणी कन्सल्टिंग करत असेल (असे पैसे डब्ल्यू-२ वर नाही, १०९९ या फॉर्मवर दाखवतात) तर भाग २ भरायचा. इथे आकडा शेड्यूल सी (धंद्याचा जमाखर्च) चा नफा नाही, तर शेड्यूल एसई (स्वतंत्र व्यवसायावरच्या सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सचा हिशेब) च्या लाइन ६ चा: नफ्याच्या ९२.३५ टक्के. समजा जॉइंट रिटर्न, एकाचा पगार २,३८,०००, दुसऱ्याचा १०९९ वरचा निव्वळ नफा ४०,०००. लाइन ८ वर ३६,९४०. मर्यादेतून आधी पगार वजा करायचा: २,५०,००० उणे २,३८,०००, उरले १२,०००. ३६,९४० मधून हे १२,००० गेले की २४,९४०, त्याचे ०.९ टक्के २२४.४६.

पगार मर्यादा आधी खातो, उरलीसुरली धंद्याच्या वाट्याला येते. पगारच मर्यादेच्या वर असेल तर धंद्याच्या कमाईवर पहिल्या डॉलरपासून ०.९ टक्के.

दोन बारकावे. धंद्यात तोटा असेल तर लाइन ८ वर शून्य येतं. तो तोटा पगारातून वजा होत नाही. आणि सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तिच्यात हे ०.९ टक्के धरत नाहीत.

आधीच तजवीज

दोघांच्या पगारामुळे दरवर्षी देणं निघत असेल तर कुणा एकाच्या डब्ल्यू-४ वर (पगारातून किती टॅक्स कापायचा हे कंपनीला सांगणारा फॉर्म) ४(सी) मध्ये जादा इन्कम टॅक्स कापायला सांगणं हा सगळ्यात सुटसुटीत उपाय. वरच्या ६३० डॉलरच्या जोडप्याला पगार दोन आठवड्यांनी होत असेल तर दर पगाराला २५ डॉलर पुरतात. ते बॉक्स २ मध्ये जातात आणि शेवटी एकूण टॅक्समध्ये मिसळतात, त्यामुळे नाव कोणतं याला महत्त्व नाही.

पगारातून कापलेला टॅक्स वर्षभर सारखा भरला असं धरतात. म्हणून नोव्हेंबरात लक्षात आलं तरी डिसेंबरच्या पगारांतून जादा कापून दंड टाळता येतो. १०४०-ईएसच्या, म्हणजे स्वतःहून आगाऊ भरायच्या टॅक्सच्या हप्त्यांना ही सवलत नाही. तिथे एप्रिल, जून, सप्टेंबर आणि पुढचा जानेवारी या तारखा पाळाव्या लागतात. कमी भरल्याचा दंड सहसा लागत नाही जर शेवटी देणं १,००० डॉलरच्या आत असेल, किंवा यंदाच्या टॅक्सच्या ९० टक्के आधीच भरले असतील, किंवा गेल्या वर्षीच्या टॅक्सच्या १०० टक्के. गेल्या वर्षीचं समायोजित उत्पन्न दीड लाखाच्या वर असेल तर हे १०० चे ११० होतात, आणि आपण ज्यांच्याबद्दल बोलतो आहोत ते जवळजवळ सगळे याच ११० वाले.

पेरोलने चुकून जास्त कापलं, समजा दोन लाख व्हायच्या आधीच सुरुवात केली, तर त्याच वर्षात सांगा. डिसेंबर संपेपर्यंत कंपनी ते परत करू शकते. वर्ष उलटलं की रस्ता एकच, फॉर्म ८९५९ मधून परतावा. कापायला हवे होते आणि कापले नाहीत तरी देणं तुमचंच राहतं. मागच्या वर्षीचा फॉर्म राहून गेला असेल तर १०४०-एक्स या दुरुस्ती रिटर्नसोबत ८९५९ जोडा. परतावा मागायला मूळ रिटर्न भरल्यापासून साधारण तीन वर्षं मिळतात. देणं निघत असेल तर मात्र तीन वर्षांची वाट बघू नये, व्याज चालूच असतं. डब्ल्यू-२ ची प्रत सरकारकडे असतेच, दोघांच्या बॉक्स ५ ची बेरीज करायला त्यांना तुमच्या फॉर्मची गरज नाही.

ओपीटी, एच-१बी आणि पुण्यात परतलेले

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ओपीटी (शिक्षणाला जोडून मिळणारी तात्पुरती नोकरीची मुभा) करणाऱ्यांच्या पगारातून पहिली पाच कॅलेंडर वर्षं सहसा मेडिकेअर कापत नाहीत. बॉक्स ५ रिकामा, त्यामुळे हा टॅक्सही नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलात की पहिल्या दिवसापासून मेडिकेअर सुरू आणि मर्यादा गाठली की हाही टॅक्स. ज्या वर्षी नॉन-रेसिडेंट म्हणून १०४०-एनआर हे वेगळं रिटर्न भरता त्या वर्षीही सूट नाही, आणि विवाहित असाल तर तिथे मर्यादा १,२५,००० ची.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व घेऊन पुण्याला परतलेल्यांचं असं: पुण्याच्या कंपनीचा पगार यात येत नाही. अमेरिकन कंपनीने अमेरिकेतल्या पेरोलवर ठेवून कोथरूडमधून काम करू दिलं तर मात्र बॉक्स ५ पूर्वीसारखाच भरतो, मग इन्कम टॅक्ससाठी परदेशी उत्पन्नाची सूट घेतली असली तरी. आणि कोथरूडमध्ये बसून १०९९ वर कन्सल्टिंग करणाऱ्याला सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सही लागतो आणि वरचे ०.९ टक्केही. भारत-अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीचा करार नाही, त्यामुळे ‘मी इकडे भरतो, तिकडे सूट द्या’ म्हणायला जागा नाही. भारतात भरलेल्या आयकराची वजावटही या रकमेतून मिळत नाही. अशा कामाचा दर ठरवतानाच नफ्यातले हे टक्के बाजूला काढून ठेवा.